गर्भाशयातील एंझाइमे व हॉर्मोने

गर्भाशयात घडणाऱ्या रासायनिक विक्रिया एंझाइमांच्या (जीवरासायनिक विक्रिया जलद घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या) साहाय्याने होतात आणि या एंझाइमांचे प्रमाण व क्रियाशीलता मुख्यत्वे हॉर्मोनांच्या (वाहिनीविहीन ग्रंथींपासून निघून रक्तात एकदम मिसळणाऱ्या उत्तेजक स्रावांच्या) नियंत्रणाखाली असते. शरीरातील फारच थोडी इंद्रिये गर्भाशयाइतकी अस्थिर आहेत. स्त्रीमध्ये सु. २८ दिवसांच्या, गाय व म्हैस यांत सु. २१ दिवसांच्या आणि उंदीर-घुशींत अवघ्या ४–५ दिवसांच्या चक्रात गर्भाशयाचा अंतःस्तर प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध होतो आणि गर्भधारणा न झाल्यास पुन्हा पूर्वस्थितीला येतो. ही उभारणी व मोडणी दोन्ही एंझाइमांकडून होते. अंडकोशातील (स्त्रीबीज निर्माण करणाऱ्या ग्रंथीतील) वाढत्या पुटकापासून स्रवणारे ईस्ट्रोजेन आणि स्त्रीबीज बाहेर पडल्यावर त्या जागी तयार होणाऱ्या पीतपिंडापासून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन ही त्यांची दोन प्रमुख नियंत्रक हॉर्मोने होत. यांपैकी एकट्याच्या प्रमाणावरून गर्भाशयाची अवस्था सांगता येत नाही. ती कोणत्या क्रमाने आली व किती दिवस टिकली, यावर परिणाम ठरतो.

या विषयाचा संबंध प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ हे तालुके येतात. येथील शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. पूर्णेच्या काठचा काही बागायती भाग सोडला, तर सोयाबीन, कापूस व तूर या पिकांचे उत्पन्न पावसाच्या लहरीनुसार कमीजास्त होते आणि अशा वर्षी दुभत्या जनावराचाच घराला आधार असतो. लाल कंधारी व देवणी या गाई आणि मराठवाडी म्हैस ही या भागातील स्थानिक जनावरे. गाय वेळेवर गाभण राहिली नाही, तर शेतकऱ्याचे एक वेत, त्या वेतातील दूध आणि पुढे बैल वा कालवड होणारे वासरू एवढे सर्व बुडते, तर चारा मात्र पूर्वीइतकाच लागतो. गाय ‘उलटते’ (रेतन होऊनही पुन्हा माजावर येते), वार अडकते किंवा माज दिसतच नाही, अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा गर्भाशयातील एंझाइमांचे चुकलेले वेळापत्रक असते.

संशोधनाचा इतिहास : ईस्ट्रोजेन गटातील ईस्ट्रोन हे हॉर्मोन १९२९ मध्ये अमेरिकेत ई. ए. डॉइझी व जर्मनीत आडोल्फ बूटेनांट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे शुद्ध स्वरूपात मिळविले. प्रोजेस्टेरॉन १९३४ मध्ये वेगळे करण्यात आले. ही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात देऊनही अंडकोश काढलेल्या घुशीच्या गर्भाशयाचे वजन झपाट्याने वाढते, हे लवकरच दिसून आले. परंतु इतक्या थोड्या द्रव्याने एवढी वाढ कशी होते, हे कोडे पुढे पाव शतक सुटले नाही. १९५० नंतरच्या दशकात एक मत असे होते की, हॉर्मोन स्वतःच एंझाइमाच्या विक्रियेत भाग घेते. ईस्ट्रॅडायॉल व ईस्ट्रोन यांचे एकमेकांत रूपांतर होत राहते व त्या देवघेवीत हायड्रोजन एका सहएंझाइमाकडून दुसऱ्याकडे पोहोचविला जातो, अशी ही कल्पना होती. ती आकर्षक होती, पण टिकली नाही. शिकागो विद्यापीठातील एल्वुड जेन्सन व हर्बर्ट जेकबसन यांनी ट्रिटियम या किरणोत्सर्गी हायड्रोजनाने खूण केलेले ईस्ट्रॅडायॉल अपक्व घुशींना टोचले. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, रक्त व स्नायू यांतून हे द्रव्य थोड्याच वेळात निघून जाते, गर्भाशयात मात्र ते दीर्घ काळ धरून ठेवले जाते आणि तेथे त्यात कोणताही रासायनिक बदल झालेला नसतो. अर्थात एंझाइम हॉर्मोनावर काम करीत नव्हते. हॉर्मोनाला धरून ठेवणारे वेगळेच प्रथिन, म्हणजे ग्राही, गर्भाशयात असले पाहिजे, हे त्यावरून ठरले. १९६६ मध्ये डेव्हिड टॉफ्ट व जॅक गोर्स्की यांनी हे ग्राही गर्भाशयातून वेगळे केले.

त्याच सुमारास आणखी एक धागा हाती आला. डीएनएवरून आरएनए तयार होण्याची क्रिया थांबविणारे ॲक्टिनोमायसीन-डी हे द्रव्य आधी दिल्यास ईस्ट्रोजेनाने होणारी गर्भाशयाची वाढ रोखली जाते, असे आढळले. यावरून हॉर्मोन आपल्या ग्राहीसह कोशिकेच्या केंद्रकात जाऊन विशिष्ट जनुकांना चालना देते, त्या जनुकांवरून संदेशवाहक आरएनए व त्यावरून एंझाइम तयार होते, हा क्रम प्रस्थापित झाला. असलेल्या एंझाइमाचा वेग वाढविणे आणि नवे एंझाइम निर्माण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेरॉइड हॉर्मोनांचे गर्भाशयातील कार्य प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारचे आहे. म्हणूनच परिणाम दिसण्यास काही तास वा दिवस लागतात आणि एकदा सुरू झालेला परिणाम हॉर्मोन नाहीसे झाल्यावरही काही काळ टिकतो. ऑक्सिटोसिन व प्रोस्टाग्लँडिने यांचे कार्य पहिल्या प्रकारचे असून ते मिनिटांत घडते.

ईस्ट्रोजेनाचे परिणाम : अपक्व घुशीला ईस्ट्रॅडायॉल दिल्यावर पहिल्या काही तासांत गर्भाशयातील रक्तप्रवाह व पाण्याचा अंश वाढतो. त्यानंतर प्रथिननिर्मिती जोर धरते आणि सुमारे एक दिवसाने कोशिका विभागू लागतात. अगदी आरंभी, तासाभराच्या आत, एका प्रथिनाचे प्रमाण वाढते असे १९६६ मध्ये आढळले होते. त्याला त्या वेळी नुसते ‘ईस्ट्रोजेन-प्रेरित प्रथिन’ म्हणत. ते क्रिएटिन कायनेज हे एंझाइम असल्याचे १९८० च्या सुमारास स्पष्ट झाले. कोशिकेतील ऊर्जेची साठवण व पुरवठा यांच्याशी त्याचा संबंध असल्याने वाढीच्या अगदी सुरुवातीला त्याची गरज लागावी, हे सयुक्तिकच आहे. ग्लायकोजेनाची साठवण करणारी एंझाइमेही या अवस्थेत कार्यप्रवण होतात.

पेरॉक्सिडेजाची कथा मात्र सावधगिरी शिकविणारी आहे. ईस्ट्रोजेन दिल्यावर घुशीच्या गर्भाशयात या एंझाइमाची क्रियाशीलता अनेक पटींनी वाढते, म्हणून १९७० नंतरच्या दशकात ते ईस्ट्रोजेनाच्या परिणामाचे माप म्हणून वापरले जाऊ लागले. नंतर असे दिसून आले की, त्यातील बराचसा भाग गर्भाशयाच्या कोशिकांनी निर्माण केलेला नसून, ईस्ट्रोजेनामुळे रक्तातून गर्भाशयात शिरणाऱ्या इओसिनरागी श्वेत कोशिकांबरोबर आलेला असतो. एखादे एंझाइम ऊतकात (समान कोशिकांच्या समूहात) वाढले म्हणजे ते त्या ऊतकानेच तयार केले, असे मानता येत नाही.

प्राण्याप्राण्यांत फरकही मोठे आहेत. सशाच्या अंतःस्तरात प्रोजेस्टेरॉनामुळे कार्बॉनिक ॲनहायड्रेज इतके नियमित वाढते की, प्रोजेस्टेरॉनासारख्या द्रव्यांची परीक्षा करण्यासाठी त्याचा उपयोग सुचविला गेला. सर्वच प्राण्यांत तसे होत नाही. डुकरिणीच्या गर्भाशयात प्रोजेस्टेरॉनामुळे युटेरोफेरिन नावाचे लोहयुक्त, जांभळ्या रंगाचे ॲसिड फॉस्फेटेज स्रवते आणि ते गर्भाला लोह पुरविण्याचे कामही करते. एंझाइमानेच अन्नवाहकाचे काम करावे, अशी उदाहरणे विरळाच.

प्रोजेस्टेरॉनाचे परिणाम : प्रोजेस्टेरॉनाला बहुतेक ठिकाणी ईस्ट्रोजेनाने तयार केलेली भूमी लागते, कारण प्रोजेस्टेरॉनाचे ग्राही निर्माण करण्याची आज्ञा ईस्ट्रोजेनाकडूनच मिळते. उलट प्रोजेस्टेरॉन आल्यावर ते ईस्ट्रोजेनाचा प्रभाव आवरते. हे आवरणे दोन मार्गांनी होते. एक म्हणजे ईस्ट्रोजेनाचे ग्राही कमी होतात. दुसरा मार्ग एंझाइमाचा असून स्त्रीच्या अंतःस्तरात तो लिंडा त्सेंग व एर्लिओ गुरपीडे यांनी १९७५ च्या सुमारास दाखवून दिला. प्रोजेस्टेरॉनामुळे १७-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डीहायड्रोजनेज हे एंझाइम वाढते व ते प्रभावी ईस्ट्रॅडायॉलाचे दुर्बल ईस्ट्रोनात रूपांतर करते. रक्तात ईस्ट्रॅडायॉल असूनही ऋतुचक्राच्या उत्तरार्धात अंतःस्तराची वाढ थांबते, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. पूर्वार्धात अंतःस्तरातील ग्रंथींत अल्कलाइन फॉस्फेटेज भरपूर असते, उत्तरार्धात ते घटते व ॲसिड फॉस्फेटेज वाढते. सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट रंजकांनी हा बदल डोळ्यांना दिसू शकतो.

ऋतुस्राव : प्रोजेस्टेरॉनाचे आणखी एक काम म्हणजे काही विध्वंसक एंझाइमांना दाबून ठेवणे. कोशिकांमधील आधारद्रव्य व कोलॅजेन तंतू तोडणारी मेटॅलोप्रोटिनेजे त्याच्या उपस्थितीत फारशी निर्माण होत नाहीत. प्रोस्टाग्लँडिने नष्ट करणारे डीहायड्रोजनेज मात्र भरपूर असते. गर्भधारणा झाली नाही की स्त्रीमध्ये पीतपिंड सु. १४ दिवसांनी मावळतो आणि प्रोजेस्टेरॉन ओसरताच हा बांध फुटतो. मेटॅलोप्रोटिनेजे वाढून अंतःस्तराची वीण उसवते, प्रोस्टाग्लँडिने वाढून रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व पोटात कळा येतात, आणि प्लाझ्मिनामुळे रक्ताच्या गुठळ्या विरघळतात. ऋतुस्रावाचे रक्त सहसा गोठत नाही, ते यामुळेच. हॉर्मोनाच्या आगमनापेक्षा त्याच्या माघारीने घडणारा असा परिणाम शरीरात फार थोड्या ठिकाणी दिसतो.

या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग मोठा आहे. अतिरिक्त रक्तस्रावावर दिले जाणारे ट्रॅनेक्झॅमिक अम्ल प्लाझ्मिनाच्या निर्मितीला आळा घालते. मेफेनॅमिक अम्ल प्रोस्टाग्लँडिने बनविणाऱ्या सायक्लोऑक्सिजनेज या एंझाइमाला रोखते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनासारखे द्रव्य हळूहळू सोडणारे साधन गर्भाशयात बसविल्यास अंतःस्तर पातळ राहतो. योग्य तपासणीनंतर यांपैकी उपाय केल्यास पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशय काढण्याची वेळ येत नाही. तरीही मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांपैकी मोठ्या संख्येने स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. राज्य शासनाने त्या वर्षी नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सु. ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पाळीमुळे मजुरी बुडणे, तोडणीच्या जागी पाणी व आडोसा नसणे आणि कर्करोगाची भीती ही त्यामागील कारणे वैद्यकीय कारणांइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, प्रभावी होती. तरुण वयात गर्भाशयाबरोबर अंडकोशही काढले गेल्यास ईस्ट्रोजेनाचा पुरवठा एकाएकी थांबतो व हाडे ठिसूळ होण्याचा धोका बळावतो.

गाईच्या गर्भाशयाचा पीतपिंडावरील अंमल : स्त्री आणि गाय यांच्यात एक मूलभूत फरक आहे. स्त्रीचे गर्भाशय काढले तरी, अंडकोश शाबूत असल्यास, पीतपिंड आपल्या ठरलेल्या मुदतीत मावळतो. गाईचे तसे नसते. लिओ लोब यांनी १९२३ मध्ये गिनीपिगाचे गर्भाशय काढले असता पीतपिंड दीर्घ काळ टिकून राहतो, असे दाखविले. मेंढी व गाय यांतही हेच आढळते. पीतपिंडाचा नाश करणारे गर्भाशयातील द्रव्य प्रोस्टाग्लँडिन एफ-२-अल्फा हे असल्याचे मेंढीत १९७२ मध्ये सिद्ध झाले.

ही घटना एंझाइमांच्या साखळीने घडते. माजानंतरचे सु. दोन आठवडे प्रोजेस्टेरॉनाच्या प्रभावाखाली अंतःस्तरात ऑक्सिटोसिनाचे ग्राही जवळजवळ नसतात. इतका काळ सतत प्रोजेस्टेरॉन मिळाल्यावर अंतःस्तर त्याला दाद देईनासा होतो, ईस्ट्रोजेनाचा प्रभाव पुन्हा वाढतो आणि ऑक्सिटोसिनाचे ग्राही उगवतात. पोष ग्रंथी व स्वतः पीतपिंड यांच्यातून आलेले ऑक्सिटोसिन त्यांना चिकटले की फॉस्फोलिपेजे कार्यान्वित होतात, कोशिकेच्या पटलातून ॲराकिडोनिक अम्ल सुटते व सायक्लोऑक्सिजनेजामुळे त्याचे प्रोस्टाग्लँडिन बनते. ते गर्भाशयाच्या नीलेतून लगतच्या अंडकोशाच्या रोहिणीत झिरपते व पीतपिंड मावळतो. मग नवे पुटक वाढते आणि गाय एकविसाव्या दिवसाच्या आसपास माजावर येते.

गाभण राहिलेल्या गाईत ही साखळी गर्भच तोडतो. १५ ते १७ व्या दिवसांच्या सुमारास लांब धाग्यासारखा झालेला गर्भ इंटरफेरॉन-टाउ हे प्रथिन स्रवतो व त्यामुळे ऑक्सिटोसिनाचे ग्राही निर्माण होत नाहीत. हे प्रथिन विषाणुविरोधी इंटरफेरॉनांच्या कुळातील असल्याचे १९८७ मध्ये कळले, तेव्हा संशोधकांना आश्चर्यच वाटले. गाय उलटण्याच्या अनेक प्रकारांचे स्पष्टीकरण येथे सापडते. फलन झालेले असते, पण आरंभीच्या आठवड्यात प्रोजेस्टेरॉन कमी पडल्याने किंवा गर्भाशयात जंतुसंसर्ग असल्याने गर्भाची वाढ मागे राहते, निरोप वेळेवर पोहोचत नाही आणि प्रोस्टाग्लँडिनाची साखळी आपले काम उरकते. शेतकऱ्याला फक्त पुन्हा आलेला माज दिसतो आणि दोष रेतनाचा वा वळूचा मानला जातो. उन्हाळ्याने यात भर पडते. ताप चढलेल्या जनावराच्या शरीराइतक्या उष्णतेत ठेवलेला अंतःस्तर अधिक प्रोस्टाग्लँडिन सोडतो, असे प्रयोगांत आढळले आहे. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४०° से.च्या वर जातो. काळ्या कातडीमुळे व घर्मग्रंथी कमी असल्यामुळे म्हशीला हा ताप अधिक होतो, तिचा माज त्या दिवसांत मुका राहतो. दाट सावली व दुपारी अंगावर पाणी या साध्या उपायांचे शारीरक्रियावैज्ञानिक समर्थन इतके खोलवर जाते.

प्रोस्टाग्लँडिनाची टोचणी देऊन माज आणता येतो. माजानंतरच्या साधारण सहाव्या ते सतराव्या दिवसापर्यंत, म्हणजे अंडकोशात पक्व पीतपिंड असतानाच, तिचा उपयोग होतो व गाय बहुधा २ ते ५ दिवसांत माजावर येते. पीतपिंडच नसेल, तर टोचणी व्यर्थ जाते. जनावर गाभण असेल, तर गर्भपात होतो, म्हणून आधी गर्भतपासणी अत्यावश्यक आहे. हे औषध कातडीतूनही शोषले जात असल्याने गरोदर स्त्रियांनी व दमेकऱ्यांनी ते हाताळू नये.

प्रसूती व वार : गाभण काळाच्या अखेरीस प्रोजेस्टेरॉनाचे प्राबल्य जाऊन ईस्ट्रोजेनाचे यावे लागते. न्यूझीलंडमधील जी. सी. लिगिन्स यांनी मेंढ्यांवरील प्रयोगांनी दाखविले की, या बदलाची सुरुवात गर्भच करतो. गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसॉल वाढले की वारेतील १७-अल्फा-हायड्रॉक्सिलेज हे एंझाइम निर्माण होते आणि प्रोजेस्टेरॉनाचे ईस्ट्रोजेनात रूपांतर होऊ लागते. स्त्रीच्या वारेत हे एंझाइम नसते, त्यामुळे मेंढीवरून स्त्रीच्या प्रसूतीविषयी थेट अनुमान करता येत नाही. ईस्ट्रोजेन वाढल्यावर स्नायुस्तरात ऑक्सिटोसिनाचे ग्राही वाढतात, कोशिकेत कॅल्शियम शिरते, मायोसिनाला फॉस्फेट जोडणारे कायनेज जागे होते व कळा सुरू होतात.

गाईची वार साधारणपणे काही तासांत पडते. १२ ते २४ तासांत ती न पडल्यास अडकली असे समजतात. वार व गर्भाशय यांना सांधणाऱ्या गाठींमधील कोलॅजेन विण्याच्या आधीच कोलॅजेनेजाने सैल करावयाचे असते. वार अडकलेल्या गाईंत या एंझाइमाची क्रियाशीलता कमी आढळते. कॉर्टिसॉलासारखे औषध देऊन मुदतीपूर्वी गाय विवविली असता वार अडकण्याचे प्रमाण वाढते, कारण सांधे सुटण्याची तयारी पुरी झालेली नसते. काही ठिकाणी लोंबणाऱ्या वारेला जड वस्तू बांधण्याची किंवा हात घालून ती ओढून काढण्याची रीत आहे. ती घातक होय. रासायनिक रीत्या न सुटलेला सांधा ओढल्याने अंतःस्तर फाटतो, जंतू आत शिरतात आणि पुढचे वेतही धोक्यात येते. ताप, दुर्गंधी किंवा चारा न खाणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्याकडून उपचार करून घ्यावे लागतात. मराठवाड्याच्या या भागासाठी परभणी येथील पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय हे शिक्षण व उपचार यांचे केंद्र आहे. पूर्वी ते मराठवाडा कृषी विद्यापीठाचा भाग होते, आता ते नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे.

विल्यानंतर गर्भाशय पूर्ववत होणे हेही एंझाइमांचेच काम आहे. विते वेळी सु. ९ किग्रॅ. वजनाचे असलेले गाईचे गर्भाशय महिनाभरात सु. १ किग्रॅ.वर येते. जमा झालेले कोलॅजेन कोलॅजेनेजाने तुटते आणि त्याचे तुकडे कोशिकांतील लयकोशांमध्ये (पाचक एंझाइमे असलेल्या पिशव्यांमध्ये) पचविले जातात. घुशीमध्ये या काळात ईस्ट्रॅडायॉल दिल्यास ही मोडणी मंदावते. अंतःस्तर पूर्णपणे भरून येण्यास गाईत सु. ४० दिवस लागतात, म्हणून त्यापूर्वी आलेल्या पहिल्या माजाला ती भरवून घेतल्यास गर्भ राहण्याची शक्यता कमी असते. साधारणपणे विल्यापासून दोन महिन्यांनंतरच्या माजाला रेतन करणे इष्ट ठरते.